पहिले आठ दिवस

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. आई-बाबांना सोडून, एकट्यानं, सलग आठ दिवस तुमच्यापैकी कोण कोण राहिलं आहे? मामाचं गाव धरायचं नाही हं! तिथं आजी असते, लाड असतात. मी विचारतेय ते अशा जागेबद्दल, जिथं ओळखीचं एकही माणूस नाही. जेवण वेगळं, बोलणं वेगळं, झोपायची जागासुद्धा वेगळी. हात वर करा पाहू!

फारसे हात वर आले नसतील. पण आज ना उद्या तुमच्यातल्या पुष्कळांवर ही वेळ येणार आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्यातली कितीतरी मुलं दहावी झाली की लातूरला, सोलापूरला, पुण्याला शिकायला जातात. कुणी सहावीपासूनच निवासी शाळेत जातं. आणि कुणी सांगावं, तुमच्यातलं एखादं उद्या साता समुद्रापलीकडेही शिकायला जाईल!

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. आमच्या शाळेतली एक मुलगी परीक्षा देऊन दूरच्या निवासी शाळेसाठी निवडली गेली. केवढा आनंद झाला सगळ्यांना! शाळेत छोटासा निरोप समारंभ केला. नारळ दिला, फूल दिलं, टाळ्या वाजवल्या. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "शाब्बास! आता मागं वळून पाहायचं नाही. आणि रडायचं तर मुळीच नाही हं!"

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाई, आईला सांगू नका. पण मला घरी यायचंय."

"का गं? काय झालं?"

बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "इथं रोज पोळीच असते. भाकरी नसतेच."

मला हसू आलं. "अगं, एवढंच ना? होईल सवय," असं म्हणून मी फोन ठेवला. पण रात्री काही केल्या झोप येईना. मला माझेच दिवस आठवायला लागले.

कडक भाकरीचा आवाज

बारावी झाल्यावर माझा डी.एड.ला नंबर लागला आणि मी गाव सोडून वसतिगृहात राहायला गेले. बरोबर एक लोखंडी पेटी, एक वळकटी, एक बादली. आईनं फडक्यात दहा कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. आपल्याकडची कडक भाकरी तुम्हाला ठाऊक आहेच. पापडासारखी पातळ, कुरकुरीत, आणि पुष्कळ दिवस टिकणारी.

पण खोलीतल्या बाकीच्या मुली शहरातल्या वाटल्या. आपण भाकरी काढली तर हसतील, म्हणून मी ती पेटीतच ठेवली. तिथल्या जेवणात डाळीपेक्षा पाणी जास्त. तिसऱ्या रात्री भूक अनावर झाली. दिवा गेल्यावर मी पांघरुणात तोंड घातलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. कडक भाकरी ती! आवाज केल्याशिवाय राहते होय? कुडुम, कुडुम, कुडुम!

शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "एकटीच खातेस होय गं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती उठली, तिनं आपल्या पेटीतून लोणच्याची बरणी काढली आणि माझ्या खाटेवर येऊन बसली. ती दूर किनवटकडची होती. तिलाही तीन दिवस झोप आली नव्हती म्हणे! त्या रात्री आम्ही दोघींनी मिळून चार भाकरी संपवल्या. आजही ती माझी मैत्रीण आहे.

हे आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली. त्या छोट्या मुलीला मी सांगायला हवं होतं, की बाळ, असं मलाही झालं होतं. ते न सांगता मी "होईल सवय" म्हणून मोकळी झाले.

मग मनात आलं, जे फार मोठे झाले, फार दूर शिकायला गेले, त्यांचे पहिले दिवस कसे गेले असतील? आपण पुस्तकात वाचतो, अमुक साली पदवी मिळाली, अमुक साली सन्मान झाला. पण पहिल्या आठवड्यात ते काय जेवले? रात्री झोप लागली का? कुणाशी बोलले? दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या कपाटातली चरित्रं काढली आणि फक्त तेवढंच शोधत बसले. त्यात जे सापडलं, ते आज तुम्हाला सांगते.

अठ्ठावन्न दिवसांचा प्रवास

पहिली गोष्ट आनंदीबाई जोशी यांची. त्यांचं माहेरचं नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते आणि बायकोनं शिकलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला, पण तो दहाच दिवस जगला. त्या काळी आपल्याकडे बायकांवर उपचार करायला स्त्री डॉक्टर नव्हत्या आणि पुरुष डॉक्टरांकडे जायला बायका लाजत. 'मीच डॉक्टर होईन,' असं आनंदीबाईंनी ठरवलं.

आता गंमत ऐका. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं एक पत्र अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलं होतं. ते तिकडच्या एका मासिकात छापून आलं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात रोझेल नावाचं गाव आहे. तिथल्या कार्पेंटरबाई १८८० साली दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेलं ते मासिक त्यांनी सहज चाळलं आणि ते पत्र त्यांच्या नजरेस पडलं! त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पत्रांमागून पत्रं गेली आणि आली. एकमेकींना न बघताच दोघींचं नातं जुळलं. आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणू लागल्या.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय अवघं अठरा. गोपाळराव बरोबर नव्हते. आनंदीबाईंनी जाताना निश्चय केला होता, की आपला धर्म, आपला आहार, आपला वेष सोडायचा नाही. मांस तर खायचंच नाही. मग बोटीवर पानात काय पडत असेल, त्याची कल्पना करा! ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. बोटं मोजून पाहा बरं किती दिवस झाले ते. अठ्ठावन्न! तेव्हा विमान नव्हतं, घरी बोलायला फोन नव्हता. पत्र पाठवावं, तर तेही बोटीनंच जाणार आणि उत्तरही बोटीनंच येणार.

पण बंदरावर मावशी हजर होत्या.

मित्रांनो, या एका वाक्याची किंमत लक्षात घ्या. परक्या देशात, पहिल्या दिवशी, आपल्यासाठी उभं असलेलं एक माणूस! कॉलेज सुरू होईपर्यंत आनंदीबाई रोझेलला कार्पेंटरांच्या घरीच राहिल्या. त्या घरातल्या मुलींशी त्यांची गट्टी जमली. नवा देश त्यांनी आधी एका घरातून पाहिला आणि मगच फिलाडेल्फियाच्या मोठ्या शहरात पाऊल टाकलं.

फिलाडेल्फियाला बायकांसाठी खास वैद्यकीय कॉलेज होतं. ते १८५० साली निघालेलं. तिथल्या प्रमुख रेचल बॉडलीबाईंनी आनंदीबाईंना प्रेमानं घेतलं. पण खरी परीक्षा आता सुरू झाली. ती अभ्यासाची नव्हे, थंडीची!

तुम्ही म्हणाल, थंडी काय आपल्याकडे नसते? पहाटे शेतात हुरडा भाजताना आपणही कुडकुडतोच की. पण तिकडची थंडी म्हणजे भांड्यातलं पाणी गोठून दगड होतो, अशी. अशा थंडीत नऊवारी लुगडं कसं पुरावं? त्यात पोटऱ्या उघड्या राहतात. आनंदीबाईंनी काय केलं सांगू? त्यांनी साडी सोडली नाही, साडी नेसायची पद्धत बदलली. नऊवारीऐवजी त्या गुजराती पद्धतीनं, पाय झाकणारी साडी नेसू लागल्या. निश्चयही राहिला आणि थंडीही थोडी वारली. सोडायचं काय आणि बदलायचं काय, हे त्या अठरा वर्षांच्या मुलीला बरोबर कळलं होतं.

खोलीचं मात्र काही जमलं नाही. तिकडं घर उबदार ठेवायला खोलीत शेकोटी असते आणि धूर धुराड्यातून वर जातो. आनंदीबाईंना मिळालेल्या खोलीतली शेकोटी धड नव्हती. पेटवली की सगळा धूर खोलीत! म्हणजे एक तर धूर सोसा, नाही तर थंडी सोसा. त्यात पोटभर जेवण नाही, आणि अभ्यास रात्रंदिवस. तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. वैद्यकीय पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक! पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांची नेमणूकही झाली.

पण तोवर शरीर थकलं होतं. अंगात क्षय भिनला होता. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिनाभर बाकी होता. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्या कधी कामावर जाऊच शकल्या नाहीत. गोपाळरावांनी त्यांची रक्षा अमेरिकेत मावशींकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी या गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ती ठेवली आहे.

इथपर्यंत वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. आपण मुलांना नेहमी सांगतो, बघा, आनंदीबाईंनी किती सोसलं! खरं आहे, सोसलं म्हणूनच त्या डॉक्टर झाल्या. पण मला वाटलं, एवढी एक शेकोटी कुणी वेळेवर दुरुस्त करून दिली असती तर? क्षय कशानं झाला, हे आज कुणी ठामपणे सांगू शकणार नाही. पण धूर आणि थंडी यांतून एक निवडायची पाळी कुणाही शिकणाऱ्या मुलीवर यायला नको, एवढं मात्र नक्की.

नवल नावाचा सोबती

दुसरी गोष्ट सांगण्याआधी एक कोडं. आपल्या शाळेत सकाळी साडेदहाची घंटा होते, त्या वेळी न्यूयॉर्कला किती वाजलेले असतात? डिसेंबर-जानेवारीत बरोबर रात्रीचे बारा! आपण प्रार्थनेला उभे राहतो, तेव्हा तिथली मुलं गाढ झोपेत असतात.

अशा या उलट्या घड्याळाच्या गावी जुलै १९१३ मध्ये एक बावीस वर्षांचा तरुण जाऊन पोहोचला. त्याचे वडील पाचच महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीत वारले होते. घरी पत्नी होती, जबाबदाऱ्या होत्या. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, म्हणून तो कोलंबिया विद्यापीठात शिकायला येऊ शकला. ओळखलंत का? बरोबर! भीमराव रामजी आंबेडकर.

७ नोव्हेंबर हा आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो, कारण १९०० साली त्या दिवशी साताऱ्याच्या शाळेत भीमरावांचं नाव दाखल झालं. त्या शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागे. पाणीसुद्धा स्वतःच्या हातानं घ्यायची मुभा नव्हती. आणि तेरा वर्षांनी न्यूयॉर्कला? तिथं ते सगळ्यांच्या बरोबरीनं एकाच टेबलाशी बसले. तुझी जात कोणती, असं विचारणारं तिथं कुणी नव्हतं. अंगावरचं केवढं ओझं उतरलं असेल!

तरीही पहिला आठवडा सोपा गेला नाही, बरं का. सुरुवातीला ते विद्यापीठाच्या हार्टली हॉल नावाच्या वसतिगृहात उतरले. तिथलं जेवण त्यांना मानवेना. आठवड्यातच त्यांनी ती जागा सोडली आणि जिथं आणखी काही भारतीय विद्यार्थी राहत होते, अशा ठिकाणी गेले. पुढं लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात त्यांना एक सोबती मिळाला. नवल भथेना नावाचा पारशी तरुण. या नावापुढं एक खूण करून ठेवा. आपण पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

आता जे सांगते, ते ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पहिले काही महिने भीमरावांचं अभ्यासात नीट लक्ष लागलं नाही! नवं शहर, नवे मित्र, खेळ, नाटकं, गप्पा. यात दिवस कसे गेले ते कळलंच नाही. मग एका रात्री ते विचार करत बसले. आपण इथं कशासाठी आलो? कुणाच्या पैशावर आलो? घरची माणसं तिकडं कशात दिवस काढत असतील? त्या रात्रीनंतर मात्र त्यांनी अभ्यासाला असं जुंपून घेतलं, की विचारता सोय नाही. जेवणाच्या खर्चात काटकसर करून ते घरी पैसे पाठवत. जुनी पुस्तकं शोधून शोधून विकत घेत. १९१५ साली ते एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातल्या जातींवरचा आपला गाजलेला निबंध तिथं वाचला. आणि हो, न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आवर्जून लिहिलं होतं, की मुलांबरोबर मुलींनाही शिकवायला हवं.

म्हणजे बघा हं, बाबासाहेबांचेसुद्धा पहिले काही महिने घसरले होते. पण त्यांनी ते वेळीच ओळखलं आणि सावरलं. तुमचीही पहिली चाचणी वाईट गेली, म्हणून सगळं संपलं असं समजायचं कारण नाही.

आता त्या खुणेकडे वळू या. १९२० साली बाबासाहेब उरलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला निघाले. जवळ स्वतःची थोडी बचत होती, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, आणि कमी पडलेले पाच हजार रुपये उसने दिले ते कुणी? नवल भथेनांनी! परक्या देशात सुरुवातीच्या दिवसांत जुळलेली मैत्री सात वर्षांनी अशी कामाला आली. लंडनमध्येही पोटाचे हालच होते. सकाळी पाव-चहा, दिवसभर ग्रंथालय. रात्री भूक लागली, की एका ओळखीच्या माणसानं दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे. पापड! हे वाचलं, आणि मला माझ्या कडक भाकरीचा कुडुम कुडुम आवाज पुन्हा ऐकू आला.

असं सोसून शिकलेले बाबासाहेब पुढं आपल्या जिल्ह्यातही आले होते, ठाऊक आहे ना? फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे इथं एका परिषदेसाठी. आई-बाबांना सांगा, तडवळ्याला एकदा घेऊन चला.

असं होतं तरी का?

घरापासून लांब गेलं, की पोटात गोळा का येतो? मन कमकुवत असतं म्हणून? मुळीच नाही. आपलं शरीर सवयीवर चालतं. ठरल्या वेळेला भूक, ठरल्या वेळेला झोप. भाकरीचा वास, आईच्या बांगड्यांचा आवाज, गोठ्यातल्या गाईचं हंबरणं. हे सगळं आपल्याला रोज न सांगता सांगत असतं, की तू सुरक्षित आहेस. नव्या जागी हे एकाएकी बंद होतं आणि मन घाबरतं.

परदेशी जाणाऱ्याचं तर शरीरातलं घड्याळसुद्धा चुकतं. इथली रात्र तो तिथं दिवसा झोपून काढू पाहतो. हे घड्याळ जुळायला साधारण एका तासाच्या फरकाला एक दिवस लागतो. म्हणजे न्यूयॉर्कला गेलेल्याचे आठ-दहा दिवस डोळ्यांवर झापड येण्यातच जातात! दिवसा उन्हात फिरावं, तिथल्या रात्री झोपावं, तिथल्या वेळेला जेवावं, म्हणजे ते लवकर जुळतं.

तेव्हा पहिल्या आठ दिवसांत रडू येणं हा काही गुन्हा नाही. ताप आला की अंग तापतं, तसंच आहे ते.

आणि त्या मुलीचं काय झालं?

पुढच्या रविवारी मीच तिला फोन लावला. आनंदीबाईंची साडी सांगितली, शेकोटी सांगितली, बाबासाहेबांचे पापड सांगितले, आणि माझी कडक भाकरीही सांगितली. ती खळखळून हसली. मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "बाई, एक सांगू? मला तीन दिवस ताप येतोय. मी कुणाला सांगितलं नाही."

"अगं, का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, रडायचं मुळीच नाही!"

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं, ते लिहून सांगता येणार नाही. मी निरोपाला टाळ्या वाजवल्या, मोठं मोठं बोलले, आणि जाता जाता त्या पोरीच्या तोंडाला कुलूप लावून दिलं! तिच्या खोलीत धूर कोंडला होता आणि खिडकी मीच बंद केली होती.

मी लगेच तिथल्या बाईंना सगळं कळवलं. त्यांनी तिला डॉक्टरांकडे नेलं, औषध दिलं. दोन-तीन दिवसांत ताप उतरला. महिन्याभरानं तिची आई भेटायला गेली, तेव्हा भाकरी आणि चटणी घेऊन गेली. ती भाकरी एकटीनं खायची नाही, असं मी निक्षून सांगितलं होतं. आता तिच्या खोलीतल्या मुली म्हणे आईच्या येण्याची वाट बघतात, ती भाकरीसाठी!

दिवाळीच्या सुट्टीत ती शाळेत भेटायला आली. मी विचारलं, "काय गं, अजून रडू येतं?" ती म्हणाली, "येतं कधी कधी. मग मी सांगते कुणाला तरी. मग जातं."

हे एवढं करा

तुम्ही उद्या कुठंही शिकायला गेलात, लातूरला जा नाही तर लंडनला जा, पहिल्या आठ दिवसांसाठी या पाच गोष्टी गाठीला बांधा.

१. पहिल्याच दिवशी एका माणसाचं नाव विचारा आणि आपलं नाव सांगा. आनंदीबाईंना मावशी मिळाल्या, बाबासाहेबांना नवल मिळाले. तुमचंही माणूस तिथंच कुठंतरी असेल. कदाचित शेजारच्या खाटेवर.

२. घरचा एखादा पदार्थ बरोबर न्या. आणि तो वाटून खा.

३. काय सोडायचं नाही ते ठरवा, काय बदलता येईल तेही ठरवा. साडी ठेवली, नेसणं बदललं, तसं.

४. पहिले काही दिवस अभ्यासात लक्ष लागलं नाही तर घाबरू नका. पण एक दिवस शांत बसून स्वतःला विचारा, मी इथं कशासाठी आलो?

५. आणि ही सगळ्यांत महत्त्वाची. गैरसोय सोसा, पण दुखणं सोसू नका. ताप असो, पोटदुखी असो, कुणी त्रास देत असो, त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगा. एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. सांगणं म्हणजे हरणं नव्हे.

पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठीही. मुलाला बाहेरगावी पाठवताना पेटी, गादी, फी यांची आपण तयारी करतो. जाण्याआधी महिनाभर त्याला स्वतःचे कपडे धुवायला, अंथरूण आवरायला आणि अनोळखी माणसाशी बोलायलाही शिकवा. फोनवर 'अभ्यास कसा चाललाय' हे दुसऱ्यांदा विचारा. आधी विचारा, 'जेवलास का? झोप लागते का? कुणाशी मैत्री झाली?' आणि पैशाअभावी परदेशाचं स्वप्न लगेच मोडीत काढू नका. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतरांसाठीही काही योजना आहेत. समाजकल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करा. बाबासाहेब शिष्यवृत्तीवरच गेले होते, हे विसरू नका.

येत्या जूनमध्ये आमच्या शाळेतला आणखी एक मुलगा निवासी शाळेत जाणार आहे. पुन्हा नारळ असेल, फूल असेल, टाळ्याही असतील. पण या वेळी मी त्याला काय सांगायचं, ते आत्ताच ठरवून ठेवलं आहे.

"बाळ, रडू आलं तर रड. आणि मग मला फोन कर."